खरवड गरम असेपर्यंत

खोतसाहेब माणूस भेटला की आधी त्याचं वजन करायचे.

आखातातल्या फुजैराच्या विमानतळाच्या कडेला फ्लाइंग क्लबची एक पत्र्याची शेड आहे. तिच्या दाराशी, लोक बाथरूममध्ये ठेवतात तसला वजनकाटा पडलेला असायचा. पाहुणा आत आला की सलाम-नमस्काराच्या आधी खोतसाहेब त्या काट्याकडे बोट दाखवत.

"चढा."

पाहुणा हसायचा. "अहो, सत्तर आहे मी."

"असाल तर काटाही तेच सांगेल. चढा."

काटा तसं कधीच सांगायचा नाही. मग खोतसाहेब पाहुण्याची पिशवी, पाण्याची बाटली, मोबाइलचा चार्जर, सगळं त्याच्या हातात देऊन पुन्हा चढवायचे. "बायका दोन किलो लपवतात, पुरुष पाच लपवतात," ते म्हणायचे. "विमानाला कुणाची भीड नसते."

माझी त्यांची पहिली भेटही अशीच. फुजैरातल्या एका लॅबमध्ये मी जहाजांच्या इंधनाची तपासणी करते. खोतसाहेब बंदरात बंकरिंगच्या कामावर होते, म्हणजे जहाजात तेल भरलं जाताना ते खरोखर किती भरलं हे मोजायचं काम. त्यांच्या सहीच्या, तेलाच्या नमुन्यांच्या बाटल्या माझ्याकडे यायच्या, पण माणूस बघितला नव्हता. पुढे त्यांच्याच इमारतीत, त्यांच्याच मजल्यावर मला खोली मिळाली आणि एका शनिवारी त्यांनी मला क्लबवर नेलं. काट्यावर उभी करून विचारलं, "शिक्षण काय?"

"बीएस्सी केमिस्ट्री. फर्स्ट क्लास," मी म्हटलं. आणि न विचारता पुढे सांगितलं की आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेली मी पहिली. वडील फलटणच्या एसटी डेपोत टायर बसवायचे. हे मी सगळ्यांना सांगते. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या डिग्र्या भिंतीला टांगलेल्या असतात त्यांना त्यात काय विशेष वाटणार? मला वाटतं, आणि मी मिरवते.

खोतसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "बरं झालं. आज वारा पश्चिमेचा आहे. वर गेलो की त्याला सांग, फर्स्ट क्लास आहे म्हणून."

मला राग आला. तो अर्ध्या तासात विरघळला, कारण अर्ध्या तासात मी फुजैरामागच्या 'हजर' नावाच्या डोंगरांवर होते.

*

अब्दुल मजीद खोत, मूळ गाव रत्नागिरीकडचं, खाडीच्या काठावर. घराण्यात सगळे दर्यावर्दी. आजोबा गलबतावर, वडील मालवाहू जहाजावर, दोन भाऊ टँकरवर. खोतसाहेबांना पाणी मात्र कधी आवडलं नाही. "पाणी माणसाला खाली ओढतं. हवा निदान वर ढकलते," असं ते म्हणायचे. नोकरी जहाजांशी होती, पण जहाजावर पाय ठेवायचा तो मोजमापापुरता. टाकीत टेप सोडायची, वाचायची, उतरायचं. कॅप्टनने चहा विचारला तर शिडीवरूनच हात हलवायचा.

ठेंगणे, पोट सुटलेले, दाढी पांढरी आणि बारीक कातरलेली. डोक्यावर क्लबची निळी टोपी, तिचा रंग उन्हाने राखाडी झालेला. बोलताना मराठीत सुरुवात, हिंदीत मधला भाग, आणि वाक्य संपता संपता 'खलास'. त्यांचं एक वाक्य आमच्या लॅबमध्ये अजून चालतं: "इन्शाल्ला म्हणायचं, आणि काठी घालून बघायचं." उड्डाणाच्या आधी ते शिडीवर चढून पंखातल्या टाकीत लाकडी मोजकाठी बुडवायचे. पुढच्या पॅनेलवर इंधनाचे काटे होते, ते बरोबरही होते. तरी काठी. काठी काढायचे, उन्हात धरायचे, वास घ्यायचे आणि मग शांतपणे 'बिस्मिल्ला' म्हणून आत बसायचे.

क्लबचं विमान जुनं, चार सीटचं, पंख डोक्यावर. ते तासावर मिळायचं. "तासाला किती पडतं?" असं नवा माणूस हमखास विचारायचा आणि दिरहमचा आकडा ऐकून मनातल्या मनात रुपये करायला लागायचा, ओठ हलायचे. खोतसाहेब त्याला थांबवत. "कन्व्हर्ट करणाऱ्याने जमिनीवरच राहावं. वर गेल्यावर जड होतं ते."

शुक्रवारी नमाज, घरची बिर्याणी आणि झोप. शनिवारी विमान. आणि विमान कशासाठी? तर डोंगरापलीकडे वाळूत जाऊन दुपारचं जेवण जेवायला.

*

तिथली धावपट्टी नकाशात असेल नसेल. वरून बघितलं तर तांबड्या वाळूत कुणी तरी खडूने एक रेघ ओढावी, तशी. शेजारी खजुराची बाग, एक पांढरी टाकी, दोन-चार खोल्या आणि धुराची एक काडी. बाग अबू राशिद नावाच्या म्हाताऱ्या अरब शेतमालकाची. त्याच्या थोरल्या मुलाला पोरवयात विमानांचं वेड होतं, म्हणून बापाने बागेला लागून मुरूम दाबून पट्टी करून दिली. मुलगा मोठा झाला, मोठी विमानं चालवायला गेला. पट्टी राहिली. अबू राशिदचा नियम साधा होता. जो उतरला तो पाहुणा, आणि पाहुणा जेवल्याशिवाय जात नाही. हिंदी त्याला छान येई. "पहले खाना. बाद में बात. बात खराब नहीं होती, खाना होता है."

खोतसाहेब आधी दोन दिवस परवानग्यांचे मेल पाठवायचे, अबू राशिदला फोन करायचे आणि शनिवारी सकाळी निघायचे. मी पहिल्यांदा गेले तो प्रवास मला अजून अर्धा स्वप्नात घडल्यासारखा वाटतो. खाली समुद्रात नांगर टाकून उभी असलेली जहाजं, कुणी दाणे फेकावेत तशी विखुरलेली. मग विमान वळलं आणि समुद्र कानामागे गेला. डोंगर आले. फुजैराला राहून मी ते रोज बघायची, पण खालून. वरून ते डोंगर वाटतच नव्हते. वाळत टाकलेली, चुरगळलेली तपकिरी चादर. तिच्या घड्यांमध्ये कुठे तरी एखादं हिरवं गाव, चार झाडांचं. इंजिनाचा आवाज हेडफोनमध्ये इतका सारखा होता की थोड्या वेळाने तो आवाज आहे हेही विसरायला झालं. आपण जात नाही आहोत, जमीनच कुणी हळूहळू मागे काढून घेतंय, असं वाटायला लागलं.

"झोपलीस का, केमिस्ट?"

"नाही."

"मग बोलत का नाहीस?"

"काय बोलू?"

"बरोबर आहे," ते म्हणाले. त्यानंतर पट्टी दिसेपर्यंत आम्ही दोघं बोललो नाही.

डोंगर संपले की खडकाळ सपाटी आणि मग एकदम वाळू. वाळूच्या लाटांवरून आमची सावली पळत होती, चढावर लहान व्हायची, उतारावर लांब. पट्टीवर दोन उंट बसलेले होते. खोतसाहेबांनी विमान खाली आणून त्यांच्यावरून नेलं. उंट उठले, अपमान झाल्यासारखे आमच्याकडे बघत बाजूला झाले. मग आम्ही उतरलो. इंजिन बंद झाल्यावर जी शांतता आली, ती मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली.

जेवण म्हणजे मजबूस. बकऱ्याचं मटण आणि भात एकाच मोठ्या पातेल्यात, त्यात उन्हात वाळवून काळी केलेली अख्खी लिंबं. सगळे एका थाळ्याभोवती बसायचे. खोतसाहेबांना डायबेटिस, गोळ्या चालू. भात ते मोजूनच घेत. पण त्यांचा जीव अडकलेला असायचा तळाच्या खरवडीत. पातेलं रिकामं होत आलं की ते उठून चुलीपाशी जायचे आणि उलथन्याने ती सोनेरी, कुरकुरीत, तुपाने तळली गेलेली भाताची साल सोडवून आणायचे. पहिल्यांदा ते असं करायला गेले तेव्हा अबू राशिदला वाईट वाटलं होतं म्हणे. पाहुण्याला मांस द्यायचं, जळकं कसं द्यायचं? आता तो आचाऱ्याला मुद्दाम आच वाढवायला सांगायचा.

तिथून निघताना विमानात दोघंच, हा खोतसाहेबांचा कायदा होता. दुपारच्या उन्हात हवा पातळ होते, पट्टी आखूड, मुरूम मऊ पडलेला. चार सीट असल्या म्हणून चार माणसं बसवायची नसतात. त्यात येताना असतो त्यापेक्षा जाताना माणूस जेवणाने जड झालेला. माझा हात तिसऱ्यांदा थाळ्याकडे गेला की ते म्हणायचे, "केमिस्ट, पट्टी लांब होत नाही हं."

*

आता झुलेखाभाभी. खरं तर त्यांच्याशिवाय खोतसाहेब सांगताच येत नाहीत.

भाभी विमानात बसल्या नव्हत्या. नवऱ्याच्या विमानात, म्हणजे. मुंबईच्या विमानात दर वर्षी बसायच्या, त्याचं काही नाही. पण खोतसाहेबांनी लायसन्स काढलं तेव्हा मुलगी सना लहान होती आणि भाभींनी सांगून टाकलं होतं, "दोघं एकदम त्या डब्यात बसायचं नाही. काय झालं तर पोरीला कोण?" खोतसाहेबांना ते पटलं. ते म्हणाले, सना मार्गी लागली की मग. सना मार्गी लागली, शारजात नोकरीला लागली, लग्न झालं. मग भाभींचे गुडघे आले. मग सनाचं बाळ आलं. मग उन्हाळा.

दर शनिवारी दाराशी बूट घालताना खोतसाहेब विचारायचे, "येतेस?"

भाभी आतून म्हणायच्या, "आज नको."

हे इतकी वर्षं चाललं होतं की दोघांनाही ते 'खुदा हाफिज'सारखं झालं होतं. मात्र भाभींनी एक केलं. एकट्याने जाताय, म्हणून मला बरोबर धाडायला सुरुवात केली. "जा गो बाय त्यांच्यासंगती. वर कसे असतात ते मला येऊन सांग."

मी येऊन सांगायची. भाभी कांदा चिरता चिरता ऐकायच्या. घाम येतो का त्यांना? गाणं म्हणतात का? म्हणतात, मी सांगायची, डोंगर ओलांडल्यावर हलक्या आवाजात काही तरी गुणगुणतात. "काय गुणगुणतात?" ते मला कधी कळलं नाही. भाभींना कळलं असावं, कारण त्या हसायच्या आणि दुसरंच काही विचारायच्या.

आणि खरवड. खोतसाहेब दर वेळी तिचा एक तुकडा फॉइलमध्ये गुंडाळून आणायचे. उतरल्यापासून घाई, गाडी चालवताना घाई, लिफ्टमध्ये बटण दोनदा दाबायचे. घरी पोचेपर्यंत ती मऊ पडलेली असायची. भाभी तुकडा जिभेवर ठेवायच्या, डोळे मिटायच्या.

"लिंबू आहे. दालचिनी कमी. तूप म्हशीचं नाही." मग डोळे उघडून, "गरम असताना कशी लागत असेल हो?"

"त्यासाठी यावं लागतं," खोतसाहेब म्हणायचे.

"तुम्ही विमान जरा जोरात हाणा की."

तव्यावर पुन्हा गरम करून बघितली, ओव्हनमध्ये ठेवून बघितली. भाभींच्या हाताला चव होती, अख्ख्या इमारतीत त्यांच्या मच्छीच्या सालनाचं नाव होतं, पण ती खरवड काही परत उठायची नाही.

*

एक शनिवार आठवतो. पट्टी समोर दिसत होती. धुराची काडीसुद्धा. मला भूक लागली होती, सकाळी मुद्दाम काही खाल्लं नव्हतं. खोतसाहेबांनी एकदम मान वळवून पश्चिमेकडे बघितलं. क्षितिजावर नुसता एक पिवळट पट्टा होता, हळद सांडल्यासारखा.

"परत," ते म्हणाले.

"काय झालं?"

"वाळू उठतेय."

"अहो, ती किती लांब आहे! उतरू, जेवू, ती येईपर्यंत—"

विमान वळलेलं होतं. मी डोंगर येईपर्यंत तोंड फुगवून बसले. त्यांनी रेडिओवर अबू राशिदची माफी मागितली. म्हातारा म्हणाला, थाळा वाढलेला आहे. खोतसाहेब म्हणाले, त्या उंटांना द्या. फुजैराला उतरलो, रस्त्याच्या कडेच्या कॅफेटेरियात परोठा आणि अंडं खाल्लं. मी म्हटलं, "एवढं तेल जाळून परोठा."

"जेवण काय, उद्याही शिजतं," ते बोटं पुसत म्हणाले. "आपण शिजायला नको."

त्या संध्याकाळी फुजैराच्या रस्त्यावर शेजारची इमारत दिसेना एवढी वाळू आली. मी माफी मागितली नाही, पण त्यांच्यासाठी चहा केला. त्यांनी तो बिनसाखरेचा आहे ना हे आधी बघून घेतलं.

*

गेल्या हिवाळ्यात, डोंगरांवर असताना, त्यांनी मला सांगितलं. पुढे बघत, हवामान सांगावं तसं.

"गोळ्या पुरेनात आता. डॉक्टर म्हणतो, हा थंडीचा मोसम संपला की सुई सुरू करायची. इन्शुलिन."

"मग?"

"सुई सुरू झाली की लायसन्स खलास. नियम आहे. बरोबर नियम आहे, वर असताना शुगर पडली तर?" त्यांनी टोपी सारखी केली. "झुलेखाला बोलू नकोस."

"का? त्यांना कळलं तर त्या लगेच येतील."

"म्हणूनच. दया करून बसलेली पॅसेंजर मला नको. यायचं तर तिला वाटलं म्हणून यावं. नाही तर नाही."

त्या दिवशी ते गुणगुणले नाहीत.

मला गोष्टी पोटात ठेवायची सवय नाही. संध्याकाळी भाभींच्या ओट्यापाशी उभी राहिले तेव्हा माझा चेहरा सांगतच असणार. भाभी पाट्यावर हिरवी मिरची वाटत होत्या. मिक्सर होता घरात, पण चटणीला पाटा, तो त्यांनी कोकणातून आणलेला.

"गुणगुणले का आज?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"सांगितलं वाटतं तुला. सुईचं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"अगो, शुगर रोज सकाळी कोण मोजतं त्यांची? मी. गोळ्या डब्यात कोण भरतं? मी. डॉक्टरला फोन केला होता मी, त्यांच्या आधी मला कळलं." वरवंटा थांबला नाही. "त्यांना वाटतं झुलेखाला काय कळतंय."

"मग भाभी, बसा ना एकदा! मोजके शनिवार राहिलेत."

"म्हणून तर बसत नाही." भाभींनी चटणी गोळा केली. "बाय, माणूस ओढीवर चालतो. इतकी वर्षं मी नाही म्हणते आणि त्यांना पुढच्या शनिवारची ओढ असते. येतेस? आज नको. येतेस? आज नको. मी बसले, खाल्लं, उतरले, झालं. मग त्यांना काय राहिलं? सुई."

मी साधी बाई आहे. मला असं घडी घालून ठेवलेलं बोलणं पटकन उलगडत नाही. पण उलगडलं तेव्हा जे तोंडात आलं ते बोलले.

"भाभी, ओढ शनिवारला असते. शनिवारच संपल्यावर 'आज नको' कुणाला म्हणणार तुम्ही?"

 भाभींनी पाटा धुतला, उभा करून ठेवला. मी जायला निघाले तेव्हा पाठमोऱ्याच म्हणाल्या, "रस्त्याने किती वेळ लागतो गो तिथं?"

*

मोसमाचा शेवटचा शनिवार असा आला. खोतसाहेबांनी दाराशी बूट घालता घालता "येतेस?" विचारलं. भाभी आतून म्हणाल्या, "रस्त्याने येते. खरवड खायला. सना येतेय गाडी घेऊन." खोतसाहेबांचा एक बूट हातातच राहिला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी जाणूनबुजून लिफ्टकडे बघितलं.

त्यांना कळलं, की भाभींना कळलंय. डोंगर ओलांडले. मी म्हटलं, "मी नाही सांगितलं. त्यांना आधीच माहीत होतं." त्यांनी मान हलवली, एवढंच.

आम्ही पोचलो तेव्हा सनाची पांढरी गाडी बागेच्या सावलीत लागलेली होती. भाभी गालिच्यावर बसून अबू राशिदशी हिंदीत बोलत होत्या, काळी लिंबं नेमकी किती दिवस वाळवायची यावर. थाळा आला. सगळे जेवले. आणि मग खोतसाहेब उठले, चुलीपाशी गेले, उलथनं घेतलं आणि खरवडीचा अख्खा चांद सोडवून आणला. वाफ निघत होती. भाभींच्या समोर ठेवला आणि लगेच वळून वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या पट्टीकडेच्या कापडी पिशवीकडे बघत उभे राहिले. जणू वाऱ्याचंच काही काम होतं.

कुर्र असा आवाज झाला. सगळ्यांनी तो ऐकला.

"मीठ कमी आहे," भाभी म्हणाल्या.

अबू राशिद मांडीवर थाप मारून हसला. भाभींनी दुसरा तुकडा मोडला. तिसरा. ओढणीचं टोक तोंडाला लावलं आणि हळूच म्हणाल्या, "मला वाटायचं, तुम्ही उगाच वाढवून सांगता."

खोतसाहेब अजून वाऱ्याकडेच बघत होते. मग ते विमानापाशी गेले, शिडी लावली, टाकीत काठी घातली. ते आता विचारतील असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. ते विचारत नव्हते. काठी काढली, पुसली, पुन्हा घातली.

"मम्मा, जस्ट गो. इट्स जस्ट अ प्लेन," सना म्हणाली.

"मला कुणी विचारलंय?" भाभी म्हणाल्या. आणि मग माझ्याकडे वळून, पट्टीवर ऐकू जाईल अशा आवाजात, "शुभांगी, त्यांना सांग. येताना विचारतात दर शनिवारी. परत जाताना कुणी विचारत नाही."

मी त्या उन्हातून चालत गेले. "खोतसाहेब, भाभी म्हणतायत—"

"ऐकलं मी." ते शिडीवरून उतरले. काठी माझ्या हातात दिली. टोपी काढली, केस नसलेल्या डोक्यावरून हात फिरवला, टोपी परत घातली, आणि गालिच्याकडे चालत गेले. मी मागे राहिले, म्हणून ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. फार बोलले नसावेत. भाभी मात्र ऐकू आल्या.

"गुडघा दुखतो माझा. पायरी उंच आहे."

अबू राशिदने आचाऱ्याला हाक मारली आणि खजुराचा एक लाकडी खोका आला. खोतसाहेबांनी त्यावर आधी स्वतः उभं राहून बघितलं. मग भाभी चढल्या, एक हात पंखाच्या दांड्यावर, एक नवऱ्याच्या खांद्यावर.

"तौबा! माझं वजन विचारायचं नाही हं."

"माहीत आहे मला," खोतसाहेब म्हणाले.

दोघंच, म्हणजे माझी सीट गेली होती. ते काही बोलायच्या आधीच मी म्हटलं, "मी सनाबरोबर येते." त्यांनी माझ्या हातातली काठी घेतली, तिच्या जागी ठेवली, दार लावलं, दोनदा ओढून बघितलं. खिडकीतून दिसलं, ते भाभींच्या ओढणीवरून हेडफोन बसवत होते. तो सारखा घसरत होता. माइक त्यांच्या ओठांसमोर आणून ठेवला. पट्टीवरून सुटताना खोतसाहेब कुणाला बोलू देत नसत, आणि काचेतून मला भाभींचे ओठ हलताना दिसत होते. ते त्यांना गप्प करत नव्हते.

विमान मुरमावरून धावलं, धुळीची शेपटी मागे ठेवून उठलं. खजुरांच्या शेंड्यांवरून वळलं. मग डोंगरांकडे तोंड करून लहान होत गेलं.

अबू राशिदच्या गुडघ्याशी त्याचा हातातला रेडिओ होता, येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांसाठी. तो खरखरला. आम्हाला वाटलं, खोतसाहेब निघाल्याचं कळवतायत. पण आवाज बाईचा होता.

"अहो, ते खाली काय? उंट? एवढेसे?"

सना तोंडावर हात ठेवून उभी राहिली. भाभींनी धरायला म्हणून समोरची सुकाणूची दांडी धरली असणार, आणि तिच्यावरचं बोलायचं बटण त्यांच्या अंगठ्याखाली दाबलेलं असणार. त्यांना माहीत नव्हतं. त्या बोलत होत्या आणि आमच्यासकट त्या तुकड्यातलं सगळं आकाश ऐकत होतं. खोतसाहेबांची उत्तरं रेडिओवर येत नव्हती, फक्त त्यांच्यासाठी सोडलेली जागा ऐकू येत होती.

"हं... हं... तो आपला रस्ता? अगो बाई, सनाने एवढी वळणं घेतली?"

थोडी खरखर.

"तुम्ही तेच म्हणताय ना? शादीच्या वेळचं. तरीच ही बाय म्हणायची गुणगुणतात म्हणून. म्हणा ना. मी ऐकतेय, म्हणा."

मग बराच वेळ फक्त इंजिन. अबू राशिदने आवाज वाढवला. त्याला मराठीतलं अक्षरही कळत नव्हतं, पण तो मान खाली घालून असा बसला होता जसा माणूस दुसऱ्याच्या अंगणात बसतो. आचारी थाळा उचलायचा थांबला होता.

वर विमान आता ठिपका होतं, डोंगरांच्या धुक्यात, जाग्यावर थांबल्यासारखं.

"अहो," भाभींचा आवाज आला, "जरा हळू घ्या. कुणी वाट बघतंय का आपली?"

टक् करून आवाज बंद झाला. अंगठा निघाला असावा.